हे दोनशे कशाचं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बॅचने शाळेला सोलर संच भेट द्यायचं ठरवलंय, आणि त्यावर पंधरा-वीस मिनिटं बोल असं मला आयोजकांनी सांगितलं. बॅचमध्ये डॉक्टर आहेत, सीए आहेत, बँकवाले तर पुष्कळ आहेत. पण विद्युत पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र असलेली मी एकटीच निघाले, म्हणून हा मान माझ्याकडे आला. मी सोलर विकत नाही, हे आधीच सांगते. माझं काम इमारतींच्या आतल्या वायरिंगचं आणि मीटर रूमचं. त्यामुळे छताबद्दल मी फार बोलणार नाही. ते सांगायला विक्रेते भरपूर आहेत, आणि ते वर कॅलेंडरही देतात. मी बोलणार आहे जिन्याखालच्या लोखंडी पेटीबद्दल.

एक शब्द आधी सरळ करून घेऊ. सोलरच्या गप्पांत ‘पॅनेल’ म्हटलं की सगळे वर बघतात. आमच्या धंद्यात पॅनेल म्हणजे मीटर रूममधली ती राखाडी पेटी, जिच्यात मेन स्विच, ब्रेकर आणि बसबार असतात. आज मी ‘पॅनेल’ म्हणेन तेव्हा सगळ्यांनी खाली बघायचं. छतावरच्यांना आपण ‘सोलर प्लेटा’ म्हणू.

आता थोडं नेरूळबद्दल. सिडको स्थापन झाली १९७० साली. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील इथे राहायला आले ते ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या सुरुवातीला. रेल्वे नेरूळपर्यंत पोचली १९९३ मध्ये. त्याआधी आपण बसचे प्रवासी. त्या काळात बांधलेल्या इमारतींचं वायरिंग त्या काळच्या घरांना बघून केलेलं होतं. घरात दोन-तीन पंखे, चार ट्यूबलाइट, एक फ्रिज, एक टीव्ही आणि फार तर एक गीझर. एसी असलेलं घर आख्ख्या वर्गात एखादं असायचं. आज त्याच घरात दोन एसी, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, इंडक्शन आहे, आणि खाली पार्किंगमध्ये विजेवरची स्कूटर चार्ज होते आहे. भिंतींना तीनदा रंग लागला, टाइल्स बदलल्या, गेटवर कॅमेरे आले. मीटर रूममधली पेटी मात्र तिथेच आहे. तिच्यावर कोणीतरी गणपतीचं स्टिकर लावलंय आणि आपण सगळे त्याच्या भरवशावर आहोत.

मी राहते ती आमची सोसायटी अशीच. दोन विंग, ४८ घरं. दोन वर्षांपूर्वी कमिटीने सोलर बसवायचं ठरवलं. हिशेब साधा होता. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि आवारातले दिवे यांचं कॉमन बिल दर महिन्याला येतं आणि सगळ्यांच्या मेंटेनन्समध्ये वाटलं जातं. छतावर २० किलोवॅटचा संच बसला तर ढोबळमानाने दिवसाला ८० युनिटं निघतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली. तिच्यात गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे आमच्या संचाला ३,६०,००० रुपये. सभेत एवढ्या लवकर एकमत झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पार्किंगच्या विषयावर आमची सोसायटी अकरा वर्षं भांडते आहे.

प्लेटा बसल्या, इन्व्हर्टर बसला, केबल खाली मीटर रूमपर्यंत आली. मग तपासणी आली. निरीक्षकसाहेब छतावर गेले, फार वेळ रमले नाहीत. इन्व्हर्टरवरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहिला, अर्थिंग मोजून घेतलं आणि खाली मीटर रूममध्ये आले. सोलरची जोडणी कॉमन पॅनेलला करायची होती. पॅनेलच्या दारावर पिवळं पडलेलं एक स्टिकर होतं, त्यावर लिहिलेलं ‘२०० ए’. सोलर बसवणाऱ्याने अर्जात आणि नकाशातही तोच आकडा टाकला होता. साहेबांनी स्टिकरवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे दोनशे कशाचं?”

कोणालाच उत्तर देता येईना. सेक्रेटरी म्हणाले, “अँपिअरचं.” साहेब म्हणाले, “ते झालं. पण कशाचे अँपिअर? स्विचचे, ब्रेकरचे, की बसबारचे?” खजिनदारकाका म्हणाले, “साहेब, पंचवीस वर्षं चालतंय.” साहेबांनी शांतपणे वहीत लिहिलं: पॅनेलच्या क्षमतेचा पुरावा सादर करावा. आणि ते गेले.

विज्ञानाच्या बाई आठवतात ना? समोरच बसल्यात, म्हणून नाव घेत नाही. उत्तराच्या पुढे एकक लिहिलं नाही तर बाई पेपरावर लाल पेनाने लिहायच्या, ‘पाच काय? आंबे?’ आणि अर्धा गुण कापायच्या. निरीक्षकांचा प्रश्न त्याच जातीचा होता, फक्त एक पायरी पुढचा. एकक होतं, वस्तूच ठरलेली नव्हती.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते सांगते. फळ्याची गरज नाही.

पेटीच्या आत धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना बसबार म्हणतात. मेनमधून वीज आधी या पट्ट्यांवर येते आणि तिथून लिफ्टला, पंपाला, दिव्यांना फुटते. पट्टीतून तिच्या ताकदीपेक्षा जास्त प्रवाह गेला की ती तापते. तिला धरून ठेवणारे इन्सुलेटर तडकतात, जोडाचे बोल्ट सैल होतात, सैल जोड आणखी तापतो. एरवी असं होऊ नये म्हणून मेनला ब्रेकर असतो. आत जाणारा सगळा प्रवाह त्याच्यातून जातो, आणि मर्यादा ओलांडली की तो पडतो. ब्रेकरचं काम पट्टी आणि तारा वाचवण्याचं.

ही व्यवस्था चालते ती एका गृहीतावर: वीज एकाच दारातून येते. सोलर जोडला की दुसरं दार उघडतं. समजा मेनमधून १६० अँपिअर येऊ शकतात आणि सोलरच्या ब्रेकरमधून ४०. मेनच्या ब्रेकरला दिसतात फक्त त्याच्यातून जाणारे १६०. सोलरच्या ब्रेकरला फक्त त्याचे ४०. दोघंही आपापल्या मर्यादेत, दोघंही खुश. पण दोन्ही जोड एकाच टोकाला असले तर पुढच्या पट्टीतून २०० जातायत, आणि ते बघणारं तिथे कोणीच नाही. घरात दोघे मिळवते असावेत, दोघांनी आपापला खर्च चोख लिहावा आणि घराचा एकूण खर्च कोणीच लिहू नये, असा हा प्रकार.

शिवाय सोलरचा प्रवाह वेगळ्या स्वभावाचा. लिफ्टची मोटर अर्धा मिनिट चालते आणि थांबते. पंप तासभर चालतो. सोलर भर दुपारी चार-चार तास सलग देत राहतो, आणि तेही मे महिन्यात, जेव्हा बंद मीटर रूममध्ये आपल्यालाही उभं राहवत नाही. पट्टीला थंड व्हायला उसंतच मिळत नाही.

म्हणून जगभर तपासणारे आधी पट्टीची क्षमता विचारतात. अमेरिकेत घराघरांतल्या पॅनेलसाठी यावर ठरलेला नियमच आहे. सोलर पॅनेलच्या बसबारवर जोडायचा असेल, तर मेन ब्रेकर आणि सोलरचा ब्रेकर यांची बेरीज पट्टीच्या क्षमतेच्या १२० टक्क्यांपर्यंत चालते. पण अट अशी की सोलरचा ब्रेकर मेनच्या विरुद्ध टोकाला असला पाहिजे. दोन दारं दोन टोकांना असली की प्रवाह दोन बाजूंनी येऊन मधल्या मधे वाटला जातो, एका तुकड्यावर सगळा बोजा पडत नाही. तिथे पॅनेलच्या दारामागे कारखान्याचं लेबल असतं, त्यावर बसबारचा आकडा वेगळा छापलेला असतो. आपल्याकडे जुन्या इमारतींतली पुष्कळशी पॅनेलं गल्लीतल्या फॅब्रिकेटरने पत्रा वाकवून बनवलेली. पत्रा उत्तम, काम प्रामाणिक. पण लेबलाचं कोणी मनावर घेतलं नाही.

आमचं गणित ऐका, म्हणजे गंमत कळेल. २० किलोवॅटचा तीन फेज संच, ४१५ व्होल्ट. प्रवाह येतो साधारण २८ अँपिअर. सलग चालणार म्हणून सव्वापट धरायचा, म्हणजे ३५; बाजारात त्याच्या वरचा ब्रेकर ४० चा. आमचा मेन ब्रेकर होता १६० चा. १६० आणि ४० मिळून २००. स्टिकरवर २००. कागदावर सगळं तंतोतंत बसत होतं. म्हणूनच सोलरवाल्याला शंका आली नाही, आणि कमिटीला साहेब उगाच अडवतायत असं वाटलं.

त्या रविवारी सभा झाली. मागच्या रांगेतून आवाज आला, “साहेबांना काय हवंय ते देऊन टाका आणि विषय संपवा.” हा आवाज प्रत्येक सोसायटीत असतो, त्यामुळे कोणी दचकलं नाही. मी म्हटलं, साहेबांना हवाय एक आकडा, आणि तो आपल्यालाच माहीत नाही. दुसरं काही देऊन आकडा सापडणार नाही. साहेब सही करून आपल्या घरी जातील. त्या पेटीच्या वर मजल्यांवर झोपतो ते आपण. सभेत थोडा वेळ शांतता होती. मग खजिनदारकाका म्हणाले, “उघडून बघू या.” ज्यांनी पंचवीस वर्षांचा दाखला दिला होता, त्यांनीच ठराव मांडला.

आता पॅनेलची क्षमता सिद्ध कशी करतात, ते क्रमाने सांगते. कारण शाळेतही हेच करावं लागणार आहे.

पहिला पुरावा नेमप्लेट. धातूची, रिबीट मारलेली किंवा स्क्रूने बसवलेली. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, पॅनेलचा अनुक्रमांक, वर्ष, व्होल्टेज, प्रवाह, आणि कुठल्या मानकानुसार बनवलं ते. जुन्या पॅनेलवर आयएस ८६२३ सापडेल, नव्यावर आयएस/आयईसी ६१४३९. आमच्या पेटीवर नेमप्लेट नव्हती. होतं ते कागदी स्टिकर. ते कोणी, कधी लावलं हे सांगणारं कोणी हयात असलं तरी सोसायटीत नव्हतं.

दुसरा पुरावा कागद: पॅनेलचा नकाशा, खरेदीचं बिल, चाचणीचा अहवाल. सोसायटीच्या कपाटात १९९८ पासूनची पाण्याची बिलं नीट लावलेली सापडली. पॅनेलचा एकही कागद नाही.

कागद नसले की तिसरा मार्ग, प्रत्यक्ष मोजणं. त्यासाठी पॅनेल पूर्ण बंद करून आतलं झाकण काढावं लागतं. हे काम परवानाधारक माणसाचंच. हौसेने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कोणीही जाऊ नये. मेन बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूला वीज जिवंतच असते. आम्हाला दोन तास लिफ्ट आणि पंप बंद ठेवायचे होते. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात, परत येताना त्यांना जिना चढवत नाही. म्हणून त्यांचा वार टाळून बुधवार ठरला. नोटीस लागली, टाक्या आधी भरून घेतल्या.

झाकण निघालं. पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या. शाळेच्या प्रयोगशाळेत वापरायचो तसल्याच व्हर्निअर कॅलिपरने मोजल्या: २५ मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड. छेदाचं क्षेत्रफळ १५० चौरस मिलिमीटर. बंद पेटीतल्या अ‍ॅल्युमिनियमला चौरस मिलिमीटरमागे ०.८ अँपिअर हा आमच्या धंद्यातला सावध अंदाज. म्हणजे १२० अँपिअर. कितीही उदार होऊन एक अँपिअरचा दर धरला तरी १५०. दोनशे कुठल्याच हिशेबात येत नव्हते.

मग दोनशे आले कुठून? कोपऱ्यात जुना स्विच तसाच ठेवलेला होता, फक्त डबा उरलेला. त्याच्या ओतीव झाकणावर अक्षरं होती: २०० ए. कोणीतरी कधीतरी स्विचचा आकडा पेटीच्या दारावर चढवला, आणि पुढे सगळ्यांनी तो पेटीचा मानला. स्विच दोनशेचा होता म्हणून पट्टी दोनशेची होत नाही. पाहुण्याच्या मोठेपणाने यजमानाचं घर मोठं होत नाही, तसंच हे.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. देखभालीच्या वहीत नोंद सापडली की मेनला पूर्वी १०० चा ब्रेकर होता. लिफ्ट बदलल्यानंतर तो वरचेवर पडायला लागला, म्हणून एका उन्हाळ्यात कोणीतरी १६० चा बसवून दिला. त्यानंतर तक्रार आली नाही. येणारच नव्हती. पडणं हा जुन्या ब्रेकरचा दोष नव्हता, ते त्याचं काम होतं. त्याने सांगितलेलं ऐकण्याऐवजी आपण सांगणाराच बदलला. १२० च्या पट्टीवर १६० चा पहारेकरी म्हणजे पट्टी जळेपर्यंत पहारेकरी झोपलेला. मधल्या फेजच्या एका जोडापाशी पट्टी काळपट तपकिरी झाली होती आणि शेजारच्या इन्सुलेटरला केसासारखी चीर होती.

मित्रांनो, यात सोलरचा काही संबंध नव्हता. सोलरची तार अजून जोडलीसुद्धा नव्हती. हा दोष आमच्या जिन्याखाली कित्येक उन्हाळे बसून होता. मुलं मीटर रूमच्या दाराला स्टंप मानून क्रिकेट खेळत होती. सोलर आला नसता तर निरीक्षक आले नसते, आणि तो प्रश्न कोणी विचारला नसता.

उपाय दोन-तीन होते. मेन पुन्हा १०० चा करून सोलरची जोडणी पट्टीच्या विरुद्ध टोकाला करता आली असती. किंवा सोलरची केबल पॅनेलच्या आत न आणता मीटर आणि मेन ब्रेकर यांच्या मधे, स्वतंत्र पेटी आणि स्वतंत्र ब्रेकर लावून जोडता आली असती. मग पट्टीतून मेनच्या मर्यादेपेक्षा जास्त कधीच गेलं नसतं. दोन्ही मार्ग चुकीचे नाहीत. पण चिरलेला इन्सुलेटर आणि भाजलेली पट्टी बघितल्यावर जुनी पेटी ठेवायची कोणाची तयारी नव्हती. नवं पॅनेल केलं: बसबार २५० अँपिअरचे, मेन पुन्हा १०० चा. आमचा मंजूर भार ४० किलोवॅट, त्याला साधारण ६२ अँपिअर लागतात, त्यामुळे १०० भरपूर झाले. १०० आणि ४० मिळून १४०. पट्टी २५० ची.

नवं पॅनेल घेतानाही एक गोष्ट बघा. बनवणारा ‘टाइप टेस्ट’चा अहवाल दाखवतो. तो त्याने त्या प्रकारचं एक पॅनेल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतल्याचा असतो. बंगळुरूची केंद्रीय विद्युत संशोधन संस्था ही अशा चाचण्यांसाठी नावाजलेली. तो अहवाल हवाच, पण तो त्या नमुन्याचा. आपल्या दारात आलेल्या पॅनेलची स्वतःची ‘रुटीन टेस्ट’ वेगळी असते: इन्सुलेशन, जोडण्या, यांत्रिक तपासणी. त्या अहवालावरचा अनुक्रमांक आणि नेमप्लेटवरचा अनुक्रमांक जुळला पाहिजे. न जुळणारा अहवाल म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाची मार्कशीट. कितीही चांगली असली तरी आपल्या मुलाला प्रवेश मिळत नाही.

आणखी एक आकडा निरीक्षक विचारतात, तो किलोअँपिअरचा. शॉर्ट सर्किट झालं तर क्षणभर प्रचंड प्रवाह येतो, आणि ब्रेकर तो तोडताना स्वतः फुटता कामा नये. हे गणितही दहावीच्या आवाक्यातलं. गल्लीच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर ६३० केव्हीएचा असेल, तर त्याचा पूर्ण प्रवाह सुमारे ८७६ अँपिअर. त्याचा इम्पिडन्स पाच टक्के धरला तर शॉर्ट सर्किटला प्रवाह वीसपट, म्हणजे साडेसतरा हजार अँपिअर, अर्थात साडेसतरा किलोअँपिअर. केबलच्या लांबीने तो मीटर रूमपर्यंत कमी होतो. पण ट्रान्सफॉर्मर भिंतीला लागून असेल तर १० किलोअँपिअरचा साधा एमसीबी मेनला लावून भागत नाही. ब्रेकरच्या अंगावर हा आकडा छापलेला असतो. शाळेच्या मागच्या कुंपणाशी ट्रान्सफॉर्मर आहे, तुम्हाला आठवत असेल. चेंडू तिकडे गेला की सामना संपायचा.

दुसऱ्या फेरीत साहेब आले तेव्हा आम्ही एक पातळ फाइल तयार ठेवली होती. एका पानावर एकरेषीय आकृती: ट्रान्सफॉर्मरकडून येणारी केबल, मीटर, मेन, बसबार, सोलरचा ब्रेकर, प्रत्येकाच्या बाजूला त्याचा आकडा. दुसऱ्या पानावर बसबारचा हिशेब. मग रुटीन टेस्टचा अहवाल, नेमप्लेटचा आणि ब्रेकरचे फोटो, अर्थिंगच्या मोजण्या. साहेबांनी फाइल हातात घेतली, पण उघडली नाही. आधी पॅनेलसमोर गेले, नेमप्लेट वाचली, दार उघडून ब्रेकरवरचे आकडे वाचले, वहीत लिहिले. मग फाइल उघडून एकेक आकडा जुळवला. पंधरा मिनिटांत काम झालं. जाताना सेक्रेटरींना म्हणाले, “ही फाइल मीटर रूममध्येच ठेवा. उद्या तुम्ही नसाल, मी नसेन, पेटी असेल.”

मला वाटतं, पुरावा म्हणजे काय ते या वाक्यात आलं. ‘चालतंय’ हे ज्याने बघितलं त्याच्यापुरतं खरं असतं. पुरावा अनोळखी माणसासाठी असतो. रात्री अकरा वाजता दुरुस्तीला आलेल्या वायरमनसाठी, दहा वर्षांनी येणाऱ्या कमिटीसाठी, आग विझवायला येणाऱ्या जवानासाठी. त्याला आपल्या आठवणी कळणार नाहीत. त्याला दारावर लिहिलेलं खरं असलेलं हवं.

कायद्याचं थोडक्यात. विद्युत निरीक्षकांची नेमणूक विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६२ खाली होते. सुरक्षेचे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे. आधी २०१० चे होते, आता २०२३ चे. छतावरचा सोलर ग्रिडला जोडण्याचे नियम महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१५ मध्ये केले आणि २०१९ मध्ये नव्याने केले. २०२४ च्या केंद्राच्या सुधारणेनंतर १० किलोवॅटपर्यंतच्या संचाला वेगळा तांत्रिक व्यवहार्यता अभ्यास लागत नाही, अर्ज लवकर पुढे सरकतो. हे चांगलंच आहे. पण अर्ज सोपा झाला म्हणून पट्टी जाड होत नाही. विचारणारा कमी झाला, तर आपण स्वतःला जास्त विचारायला हवं.

एक गैरसमजही काढून टाकते, कारण मघाशी चहाच्या वेळी तिघांनी विचारलं. ग्रिडला जोडलेला साधा सोलर, म्हणजे बॅटरी नसलेला, बाहेरची वीज गेली की बंद होतो, भर उन्हातसुद्धा. तो बिघाड नव्हे. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला वाटतं लाइन बंद आहे. आपल्या छतावरून तिच्यात वीज गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टरला तसं बंद होणं बंधनकारक आहे, आणि त्याचं प्रमाणपत्रही तपासलं जातं.

आता आपल्या शाळेकडे येते. सूर्यघर योजनेचं अनुदान घरांसाठी आणि गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. शाळेला ते धरून हिशेब करू नका. जो काही खर्च येईल तो आपल्यालाच करायचा आहे. गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी शाळेची मीटर रूम बाहेरून बघून आले. झाकण उघडलेलं नाही, त्यामुळे आत काय आहे यावर मी आज काही बोलणार नाही. पेटी जुनी आहे, नेमप्लेट दिसत नाही, आणि दारावर एक आकडा लिहिलेला आहे. रंगाने, हाताने. खाडीची खारी हवा नेरूळमध्ये लोखंडाला किती दिवस सुखाने जगू देते, ते आपल्या जुन्या सायकलींनी आपल्याला शिकवलंय.

म्हणून माझी बॅचला विनंती अशी. निधीचा ठराव आज होणार आहे. त्यात छतावरच्या किलोवॅटच्या आधी एक ओळ घाला: शाळेच्या पॅनेलची तपासणी, आणि गरज पडल्यास नवं पॅनेल. त्यामुळे कदाचित १५ किलोवॅटच्या जागी १२ किलोवॅट बसतील. प्लेटांवर बॅचचं नाव लिहिता येतं, फोटो चांगला येतो. पॅनेलच्या उद्घाटनाला फीत कापायला कोणी येत नाही, हे मला माहीत आहे. पण त्या जिन्याच्या वर आज नववी ‘ब’ चा वर्ग भरतो.

सोलर बसवणाऱ्याकडून दरपत्रक घेताना चार गोष्टी लेखी मागा. पॅनेलच्या बसबारचा धातू, माप आणि क्षमता. मेन आणि सोलर ब्रेकरची बेरीज, आणि जोडणी कुठल्या टोकाला होणार ते. ब्रेकरचे किलोअँपिअर. आणि रुटीन टेस्टचा अहवाल, अनुक्रमांकासह. यातल्या एखाद्या प्रश्नावर ‘मॅडम, सगळं होऊन जाईल’ असं उत्तर आलं, तर पुढच्या ठेकेदाराला फोन करा.

तपासणीचं काम मी करेन, त्याचे पैसे नकोत. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस शाळा बंद असताना झाकण उघडू. दहावीची मुलं लांब उभी राहून बघू शकतील. व्हर्निअर त्यांच्या प्रयोगशाळेतूनच आणू. मोजमाप त्यांनी वहीत लिहावं, हिशेब त्यांनीच करावा, आणि एककासकट लिहावा. मग जो आकडा निघेल तो धातूच्या पाटीवर कोरून त्या दाराला लावू, खाली तारीख घालू.